एकच सेट, पण पूर्ण जीव लावून

आज धरमपेठेतल्या जिममधून पाऊण तासातच बाहेर पडलो अन् पाय थरथरत होते, वॉर्मअप करून स्क्वॉटचा (खांद्यावर वजनाचा बार घेऊन उठाबशा) एकच खरा सेट, म्हणजे न थांबता एक खेप मारली, नववी उठाबशी (रेप) कशीबशी झाली, दहाव्याला मागे मित्र उभा होता म्हणून बार वर आला. आधी लेग डेला 20-20 सेट मारायचो, नागपूरच्या मे महिन्यात अर्धा जीव तर घामातच जायचा. बॉडीबिल्डर डोरियन येट्सनं 1992 ते 1997 सलग 6 वेळा मिस्टर ऑलिम्पिया ही बॉडीबिल्डिंगची मोठी स्पर्धा जिंकली ते असेच कमी सेट मारून, पण मला पटत नव्हतं. जास्त सेटनंही मसल वाढतातच भाऊ, पण ड्युटी करून झोप 6 तासांची, मग रिकव्हरी कुठून आणायची? दोन महिन्यांत बारवर 10 किलो वाढले, खूप बरं वाटतंय.