आमची वाटचाल : दोन टॉप, दोन सब आणि एक बँड

ठाण्यात उथळसरच्या एका गाळ्यात भागीदारीत सुरू झालेला आमचा साउंडचा धंदा आज वागळे इस्टेटमध्ये स्वतःच्या गोडाऊनमध्ये उभा आहे. सुरुवातीचा माल म्हणजे भोंगे, दोन कॉलम आणि अहुजाचा अँप्लिफायर. पूजा, मुंजी आणि प्रचारसभा यांवर घर चालायचं. भाषणाचा साउंड वेगळा आणि बँडचा वेगळा, हे त्या काळी ज्या मोजक्या लोकांना कळत होतं त्यांत माझा भागीदार होता. भाषणाला मधल्या फ्रिक्वेन्सी पुरतात. बेस गिटारची सगळ्यांत जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते, ती कॉलममधून बाहेरच पडत नाही.

भागीदार मूळचा रेडिओ दुरुस्तीतला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन पंधरा इंची स्पीकर स्वतः निवडायचा. कोनवर, म्हणजे स्पीकरच्या पडद्यावर, दोन्ही हातांची बोटं ठेवून तो हलके दाबायचा आणि आत कॉइल घासते का ते कान लावून ऐकायचा. दुकानदार वैतागायचे, पण हा एकेक पाहिल्याशिवाय पैसे काढत नसे. बॉक्सचं प्लायवूड गाळ्यातच कापलं जाई. त्याने सोल्डर मारलेल्या केबल अजून चालतात, आणि त्या मी कार्यक्रमाआधी तपासतसुद्धा नाही. पुढे तब्येतीमुळे तो गावी गेला. त्याच्या हातचे दोन बॉक्स मी भाड्याने देत नाही.

त्याच्याच वेळेपासूनचं आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे कळव्याचे कीबोर्ड वाजवणारे मास्तर. दोन गायक, कीबोर्ड, गिटार, बेस, ढोलक आणि ऑक्टोपॅड असा त्यांचा सुटसुटीत बँड. किती वॉट, किती बॉक्स, हे मास्तरांनी कधीच विचारलं नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला असे, “भाऊ, माझ्या गायिकेला तिचा आवाज स्टेजवर ऐकू येईल ना?” बँडसाठी साउंड निवडणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो ओरडतो, सूर चढतो, मग आपण मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, वाढवतो, तो आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. साधा कार्डिऑइड (समोरचं जास्त ऐकणारा) माइक असेल तर मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीकडे ठेवा, तिथे तो सगळ्यांत कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद ऐकणारा) असेल तर थोडा बाजूला घ्या. एवढी एक गोष्ट सांभाळली तरी निम्मी भांडणं मिटतात.

घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले, सोसायट्यांचे गणपती आणि दिवाळी पहाट मोठ्या होऊ लागल्या, तेव्हा एक नवा साउंडवाला आला. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना कळेल. त्याच्या कोटेशनवर ‘वीस हजार वॉट’ असं ठळक लिहिलेलं असे. आमच्या कागदावर चार हजार. समितीचे लोक दोन्ही कागद शेजारी ठेवत आणि आम्हाला घरी पाठवत. ते वीस हजार म्हणजे सगळ्या बॉक्सवरच्या पीक, म्हणजे क्षणभरच झेपणाऱ्या, आकड्यांची बेरीज होती. अहो, पॉवर दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबल वाढतो. सेन्सिटिव्हिटी म्हणजे एका वॉटला एक मीटरवर बॉक्स किती आवाज देतो ते. ९१ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या बॉक्सला २००० वॉट द्यावे तेव्हा जो आवाज येतो, तो ९७ च्या बॉक्समधून ५०० वॉटमध्ये येतो. हे मी सभांमध्ये वहीवर आकडे मांडून समजावलं. कोणी वहीकडे पाहिलं नाही.

एका हंगामात आमची मोठी मंडळं गेली. एलईडी वॉलसकट पॅकेज, आणि त्यात साउंड जवळजवळ फुकट. आमच्याकडे तयार झालेली दोन मुलंही त्याने नेली, त्यांतल्या एकाला भागीदाराने मिक्सरसमोर बसवून एकेक चॅनेल शिकवला होता. कर्जाने घेतलेल्या डिजिटल मिक्सरचे हप्ते चालू होते. टेम्पो विकावा लागला. घरात गाळा सोडण्याचं बोलणं सुरू झालं. त्या दिवाळीत एका सोसायटीने मास्तरांना बोलावलं, साउंड मात्र पॅकेजवाल्याचा. मास्तर म्हणाले, “साउंड आमच्या माणसाचा असेल तर येतो.” त्यांचा तो कार्यक्रम गेला, मानधन गेलं. मला त्यांनी हे सांगितलंही नाही, ढोलकवाल्याकडून कळलं. त्या पहाटे दुसरा बँड गायला आणि शिट्ट्यांनी बेजार झाला. समितीने त्यानंतरही आम्हाला फोन केला नाही, आजवर नाही.

आम्ही तगलो ते छोट्या कामांवर. दोन टॉप (वरचे मुख्य स्पीकर), दोन सब (जाड, खालच्या आवाजाचे बॉक्स), चार मॉनिटर; शाळांची स्नेहसंमेलनं, सोसायटीच्या लॉनवरच्या मैफली. त्यात ध्वनिप्रदूषणाचे नियम लोकांना समजू लागले. २००० सालचे हे नियम निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सणांची सवलत वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, तीही मध्यरात्रीपर्यंत. मग वीस हजार वॉटवाल्यांच्या कार्यक्रमांबद्दल बाल्कनीतून तक्रारी येऊ लागल्या. आम्ही टॉप डोक्यांच्या वर चढवतो आणि किंचित खाली झुकवतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणून लांब लॉनवर मागे छोटी जोडी लावतो आणि तिला दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद डिले देतो, म्हणजे तिचा आवाज तेवढा उशिरा सोडतो. पुढच्या रांगेत बोलता येतं, मागच्या रांगेत शब्द कळतात. अशी कामं सांगोवांगी वाढली आणि त्यातून गोडाऊन झालं. लॉकडाउनबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय, मी लिहीत नाही.

मास्तरांचा मुलगा आता पाच तारांचा बेस वाजवतो. खालची तार ३१ हर्ट्झवर जाते, तिच्यासाठी आम्ही अठरा इंची सब घेतले. आणि त्या साउंडवाल्याच्या बोर्डावर अजून लिहिलेलं आहे, ‘ठाण्यातला पहिला डिजिटल मिक्सर’. त्याच्या आधी डिजिटल मिक्सर आमच्या गाळ्यात आला होता. बिल माझ्याकडे आहे, ज्याला पाहायचं असेल त्याने यावं.