कर्नाकची सेखमेट

महाराष्ट्रातून इजिप्तला जाणाऱ्या सहलींबरोबर मी टूर मॅनेजर म्हणून जातो. कर्नाकला आमुनच्या देवळातले महास्तंभ दाखवायचे आणि गट बसकडे वळवायचा, हा नेहमीचा क्रम. त्या दिवशी वेळ हाताशी होता, म्हणून आमच्या स्थानिक गाईडने आवाराच्या उत्तर टोकाचे प्टाहचे छोटे देऊळ दाखवायचे ठरवले.

तिथे तीन गाभारे आहेत. मधल्यातल्या प्टाहच्या मूर्तीला डोके उरलेले नाही. शेजारचा दरवाजा राखणदाराने उघडला आणि चार-पाच जणांना आत घेऊन दार लोटले. छताच्या लहानशा भोकातून येणाऱ्या उजेडात काळ्या दगडाची, सिंहिणीच्या तोंडाची, माथ्यावर सूर्यबिंब आणि हातात पपायरसचा दंड असलेली सेखमेट देवी उभी होती. सहलभर मोबाईलमधून मान वर न काढलेला एक अकरावीतला मुलगा एकदम म्हणाला, "हिला मी मारलंय!"

"देवीबद्दल असं बोलू नये रे," त्याची आजी दटावून म्हणाली. मग त्याने खुलासा केला, की २०१७ साली आलेल्या 'असॅसिन्स क्रीड ऑरिजिन्स' या गेममध्ये सेखमेट राक्षसी आकाराची होऊन समोर येते आणि बायेक या नायकाला तिच्याशी झुंजावे लागते. शिवाय यामू नावाच्या गावात तिचे देऊळही आहे. यामूचे नाव ऐकताच गाईड खुलले. यामू म्हणजे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातले इमाऊ, आजचे कोम एल-हिस्न; तिथे सेखमेट-हाथोरची, म्हणजे सेखमेट आणि हाथोर या देवींच्या एकत्रित रूपाची, पूजा खरोखरच होत असे, असे त्यांनी सांगितले. गेम करणाऱ्यांचा अभ्यास कच्चा नव्हता, हे मलाही मान्य करावे लागले.

मग त्यांनी मूळ कथा सांगितली आणि मी ती मराठीत आणली. माणसांनी बंड केले म्हणून चिडलेल्या रा देवाने आपला नेत्र देवीच्या रूपाने पृथ्वीवर पाठवला. तिने मांडलेला संहार थांबेना, तेव्हा रा देवानेच ७,००० घडे बिअर लाल रंगवून शेतांत ओतवली. ती रक्त समजून देवी प्यायली आणि गुंगून परतली. साथीचे रोग तीच पाठवते असा समज होता आणि तिचे पुरोहित रोग्यांवर उपचारही करत. "म्हणजे आपली मरीआईच की," असे म्हणून आजींनी हात जोडले.

"पण मग तिला हरवलं कुणीच नाही?" मुलाने विचारले. "नाही," गाईड म्हणाले, "तिची समजूत काढावी लागते." "मग गेममध्ये बिअरचा ऑप्शन द्यायला हवा होता!" यावर राखणदारासकट सगळे हसले, कारण गाईडने त्यालाही ते अरबीत सांगितले होते.

माझ्या मते पोराचा आक्षेप रास्त होता. तिसरा आमेनहोतेप या फॅरोने, म्हणजे इजिप्तच्या राजाने, तिच्या शेकडो मूर्ती घडवून घेतल्या, त्या तिला शांत ठेवण्यासाठीच, असे अनेक अभ्यासक मानतात. खेळाडूला मात्र समोर शत्रूच लागतो.

दुसऱ्या दिवशी मेमनॉनचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पण खरे तर आमेनहोतेपच्याच असलेल्या दोन प्रचंड पुतळ्यांपाशी फोटोपुरते थांबलो, तर मागच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून तोच मुलगा सगळ्यांना सांगत होता, की आमेनहोतेपचे देऊळ इथेच होते आणि खणताना सेखमेटच्या कितीतरी मूर्ती इथे सापडल्या आहेत. बस निघायला उशीर झाला.