तुम्ही विचारलंत म्हणून: मासे कशाला मारतेस?

"पगारासाठी मासे मारालीस म्हणे की गं?" मी प्रयोगशाळेत तेलविहिरींचं पाणी तपासते. सुट्टीला बेळगावच्या वडगावात आले की माळकरी काकूंपासून कॉलेजच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचं हेच. पुढचा प्रश्नही ठरलेला: पाण्यात तेल किती ते मशीन सांगतं, मग जीव कशाला घ्यायचा?

मशीन तेल मोजतं. समुद्रातल्या विहिरीतून तेलासोबत पाणी वर येतं. त्यातलं तेल काढलं तरी बेंझिन, फिनॉल, पाइप गंजू नयेत म्हणून घातलेली औषधं विरघळलेली राहतात. विहीर जुनी झाली की पाणी वाढतच जातं. मुंबई हाय तर 1976 पासून चालू आहे. समुद्रात सोडताना तेलाची मर्यादा लिटरला 40 मिलिग्रॅम. पण बाकीचं सगळं मिळून जिवाला काय करतं, ते जीवच सांगतो. म्हणून 96 तासांची टेस्ट: त्या पाण्यात मासे किंवा कोळंबी सोडायची आणि किती जगतात ते मोजायचं.

एका नमुन्यात तेल मर्यादेत होतं. पाणी नितळ, वास मात्र रॉकेलचा. संध्याकाळी त्यात कोळंबीची पिल्लं सोडली. नखाएवढी, काचेसारखी; पोटातलं खाणंसुद्धा बाहेरून दिसतं. सकाळी बहुतेक आडवी पडलेली, पाय तेवढे हलत होते. शेजारी साध्या समुद्राच्या पाण्यातली सगळी जिवंत, म्हणजे खोट पिल्लांत नव्हती. वरून निरोप आला: नमुन्यात रात्रभर हवा सोड, मग परत लाव. हवा सोडली की बेंझिन, टोल्युइनसारखी विषारी रसायनं उडून जातात. मी तोंडावर सांगितलं, वहीतही लिहिलं. दुसऱ्या खेपेची पिल्लं जगली आणि रिपोर्टात तोच आकडा गेला.

पूर्वी मी म्हणायची, इथं थोडी मरतात म्हणून समुद्रातली वाचतात. त्या सकाळची पिल्लं कुणाला वाचवून गेली? काकू, आपल्या बळ्ळारी नाल्याचं घाण पाणी भातात शिरतं तेव्हा त्यातल्या जिवांचं कुणी विचारत नाही, असं मी चिडून म्हणते खरं. ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, हे मलाही कळतं.

चमकणाऱ्या जिवाणूंचा उजेड किती मंदावला, त्यावरून अर्ध्या तासात अंदाज येतो. आधी ती चाळणी लावली तर पुष्कळ जीव वाचतील, आणि ती लावावी म्हणून मी भांडतेय. पण सांडपाण्याचा आपला नियम अजून माशांचाच आहे: निव्वळ सांडपाण्यात 96 तासांनी 90 टक्के जगले पाहिजेत. टेस्टच बंद केली तर तेवढंही विचारणारं कुणी उरणार नाही.

राग धरायचा तर हवा सोडायला लावणाऱ्यावर धरा. माझ्यावर धरलात तरी ऐकून घेईन. त्या रिपोर्टावर सही माझी नव्हती, पण नोकरी अजून तिथंच करते.