म्हणजे थंयसरय कुडाळ

मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरायचं आणि एसटी धरायची. हे ज्याच्या अंगवळणी पडलंय त्याने स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची, म्हणजे गोल्फच्या पंढरीची, धास्ती घेऊ नये. तिथलं स्टेशन 1969 मध्येच बंद झालं. एडिंबरोहून येणारी गाडी ल्युकर्सला सोडते, पुढे बस. शेजारच्या आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे थंयसरय कुडाळ आसा म्हणायचा!"

गोल्फच्या सहली आखून देणाऱ्या कंपन्या आहेत. एकीला फोन केला होता. वारा कसा असतो विचारलं, तर समोरचा हॉटेलच्या नाश्त्याबद्दलच बोलत राहिला. मग शंभर पानी वही आणि पेन्सिल घेऊन स्वतःच बसलो.

तारीख ठरवणं सोपं गेलं. हापूसची शेवटची पेटी गेल्याशिवाय मला हलता येत नाही. मृगाआधी आगोट आटपायची असते, लाकडं आत घ्यायची, पडवीला झापं लावायची. म्हणजे जूनचा मध्य. इथे धो धो पाऊस, तिथे रात्री दहापर्यंत उजेड.

खरी गंमत चिठ्ठीची. ओल्ड कोर्सवर, म्हणजे तिथल्या नावाजलेल्या जुन्या मैदानावर, खेळायचं तर दोन दिवस आधी नाव द्यायचं, चिठ्ठ्या निघतात, लागली तर लागली. नाव किमान दोघांचं लागतं, म्हणून ऑफिसातल्या एका जुन्या सोबत्याला, त्याच्या गुडघ्यांसकट, तयार केलाय. शिवाय हँडिकॅपचा, म्हणजे आपला खेळ किती पाण्यात आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला हवा. सातबाऱ्याशिवाय जमिनीला हात लावू देत नाहीत, तसंच. म्हणून वहीत मंगळवार, बुधवार, गुरुवार तिन्ही वारी 'ओल्ड कोर्स?' लिहून खोडरबर जवळ ठेवलाय. चिठ्ठी नाही लागली तर गावात ओल्ड कोर्स चालवणाऱ्या ट्रस्टचीच आणखी मैदानं आहेत. त्यातलं एक आधीच राखून ठेवायचं.

एवढ्या लांब का, हा आबांचा प्रश्न. "इतके पैशे घालून चेंडू हरवूक जातलस?" त्यांना मी तोंडवळीच्या सुरूबनापुढची पुळण दाखवली. ओहोटीला मी तिथेच सराव करतो, पहाटे, कोणी नसताना. मर्यादवेलीत चेंडू अडकला की काढताना नाकी नऊ येतात. तिथल्या गोल्फच्या मैदानांना लिंक्स म्हणतात, ती जमीनही याच जातीची. समुद्र आणि शेत यांच्यामधला वाळूचा, उंचसखल, खारा पट्टा. नांगर चालत नाही म्हणून मेंढ्यांना सोडलेला. बंकर म्हणून जे खड्डे आता जपतात, त्यातले बरेच वाऱ्याने आणि आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी केलेले, असं तिथे सांगतात. ओल्ड कोर्सवर असे 112 आहेत. आपल्याकडे ना मेंढ्या आल्या, ना ते थंड हवेतलं आखूड गवत. आपण माड लावले, आणि चांगलंच केलं.

काल बूट धुतले. सड्यावरची लाल माती तळव्याच्या खुट्यांत इतकी घट्ट बसली होती की टूथब्रश, मग खिळा, मग पुन्हा टूथब्रश. परदेशात माती घेऊन उतरता येत नाही. दोन बादल्या पाणी तांबडं झालं तरी एका खुट्याच्या बुडाशी लाल रेघ आहेच. क्लबांच्या, म्हणजे गोल्फच्या काठ्यांच्या, पिशवीचंही असंच चाललंय. नियमाने चौदाच क्लब, पण वजनकाटा काही वेगळंच सांगतोय. चेंडूंच्या कप्प्यात बायकोने आमसुलांची पुडी आणि मेतकूट सरकवलंय.

ती खेळत नाही. एवढ्या पानांतून तिने एकच गोष्ट उचलली: रविवारी ओल्ड कोर्सवर एरवी खेळ बंद असतो आणि गाववाले कुत्री घेऊन तिथे फिरायला येतात, तिकीट नाही, दाखला नाही. "मग आपण शनिवारी रात्री पोचू," म्हणाली, आणि माझ्या वहीत रविवार स्वतःच्या हाताने भरला. पेनाने. बाकीचं सगळं अजून पेन्सिलीत आहे.