डी-७ व्हिसा आणि देवगडची बाग

गेले तीन आठवडे मी देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी आहे. दुपारी पडवीत पेट्या भरायचं काम चालतं, आणि पेटीत गवत पसरता पसरता कुणीतरी विचारतंच, "काकी, थंय ऱ्हवाक जावचा तर किती पैशे लागतत?" थंय म्हणजे पोर्तुगालात. एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून एकदाच नीट लिहिते.

आम्ही दोघं २०२४ पासून पोर्तुगालमध्ये, फिगेइरा दा फोझ नावाच्या गावी राहतो. मोंदेगु नदी तिथे समुद्राला मिळते. खाडीच्या कडेला मिठागरं आहेत, आणि सूर्य आपल्यासारखाच समुद्रात मावळतो. मुलगी जवळच कोइंब्राच्या विद्यापीठात संशोधन करते. पण तिच्यावर अवलंबून राहून जायचं नाही, असं आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. त्यामुळे मी माझ्या पेन्शनवर डी-७ व्हिसा काढला. नोकरी न करता ज्यांना नियमित पैसे मिळतात, म्हणजे पेन्शन, घरभाडं, व्याज, लाभांश, त्यांच्यासाठी हा व्हिसा आहे.

आकडा आधी सांगते. मुख्य अर्जदाराचं महिन्याचं उत्पन्न निदान तिथल्या किमान वेतनाएवढं हवं. जोडीदारासाठी त्याच्या निम्मं आणखी, आणि अवलंबून असलेल्या प्रत्येक मुलासाठी ३० टक्के. २०२४ साली किमान वेतन ८२० युरो होतं, म्हणजे आम्हा दोघांचे १,२३० युरो. युरो तेव्हा ९० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साधारण १ लाख ११ हजार रुपये. माझी ज्युनियर कॉलेजची पेन्शन ६८ हजार, रत्नागिरीच्या फ्लॅटचं भाडं १८ हजार आणि ठेवींचं व्याज २७ हजार, असं जेमतेम जमलं. किमान वेतन पुढच्या वर्षी ८७० झालं, यंदा २०२६ मध्ये ९२० आहे, आणि युरो शंभराच्या वर गेलाय. आज अर्ज करायचा झाला असता तर आमचं गणित बसलं नसतं. त्यामुळे जुना व्हिडिओ बघून हिशेब मांडू नका. त्या व्हिडिओंत दाखवतात ती पेन्शनवरच्या १० टक्के कराची सवलतही नव्या माणसांना २०२४ पासून बंद झाली आहे. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तिथले करदाते होता. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात दुहेरी कर टाळायचा करार आहे, पण आपल्या पेन्शनला त्यातलं कुठलं कलम लागतं ते जाण्याआधी सी.ए.कडून समजून घ्या.

आता मुद्द्याचं. उत्पन्नाच्या या यादीत आमच्या आंब्याच्या बागेचं नाव नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सव्वाशे कलमं आहेत. यांच्या आजोबांनी लावलेली काही अजून धरतात. गावात आमची ओळख त्या बागेवरून आहे, माझ्या पेन्शनवरून नाही. आणि व्हिसाच्या फायलीत तिचा उपयोग शून्य झाला. वाशीच्या दलालांकडून आलेल्या हिशेबाच्या पट्ट्यांचा गठ्ठा यांनी वीस वर्षं जपून ठेवला होता. त्यावर कुठे पेन्सिलीने बेरीज, कुठे आगाऊ उचलेची वजाबाकी. पैसे एप्रिल-मे मध्ये येणार, तेही मोहोर टिकला तर. एखाद्या वर्षी खत-फवारणीतच सगळं जातं. दर महिन्याला, ठराविक तारखेला, बँकेत काय येतं, एवढाच तिथला प्रश्न. हे त्या दिवशी गठ्ठा परत ट्रंकेत ठेवताना काही बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं. आपल्याकडे कितीतरी घरांत खरी मालमत्ता अशीच असते: बाग, घर, सोनं, लोकांकडचं येणं. यातलं काहीच दरमहाच्या कागदावर उतरत नाही. ज्यांना पाच-सात वर्षांनी जायचं मनात आहे त्यांनी आत्ताच बघावं. भाडं रोखीने घेत असाल तर करार नोंदवून बँकेत घ्यायला लागा. ठेवीचं व्याज एकदम घेण्यापेक्षा दरमहा खात्यावर घ्या.

दुसरी अडचण लग्नाच्या दाखल्याची. आमचं लग्न १९८७ चं, मांडव दारात, नोंदणी कुणी केलीच नव्हती. जोडीदाराला बरोबर न्यायचं तर दाखला हवा. माहेरचं माझं नाव वेगळं, लग्नात तांदळात लिहिलं ते वेगळं, आणि पासपोर्टवर दुसरं. ग्रामपंचायतीत नोंदणीसाठी लग्नपत्रिका मागितली. सासूबाईंच्या पेटीत तळाशी एक सापडली, कोपऱ्याला लावलेली हळद अजून पिवळी होती. भटजी वारलेले, म्हणून त्यांच्या सहीऐवजी प्रतिज्ञापत्र. तीन साक्षीदारांत दोन सत्तरीपुढचे. त्यांना रिक्षाने आणलं, चहा-लाडू केला, सह्या झाल्या. सदतीस वर्षांनी पुन्हा लग्न लागल्यासारखं घर भरलं होतं.

मग त्या दाखल्यावर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला शिक्का. २००५ पासून भारत अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे हा शिक्का पोर्तुगालमध्ये चालतो. माझी चूक अशी झाली की पोलीस क्लिअरन्स, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचं प्रमाणपत्र, मी हौसेने सर्वांत आधी काढलं. लग्नाचा दाखला हातात येईपर्यंत ते जुनं झालं आणि पुन्हा पासपोर्ट कार्यालयाची खेप पडली. ते शेवटी काढायचं.

बाकीचं भराभर सांगते. तिथला करक्रमांक काढावा लागतो, त्याला नीफ म्हणतात, आणि तो भारतात बसून प्रतिनिधीमार्फत मिळतो. तिथल्या बँकेत खातं आणि त्यात वर्षभर पुरेल एवढी शिल्लक आम्ही दाखवली. वर्षाचा घरभाडे करार मुलीने घर बघून केला. फोटोवरून करार करू नका, तिथे तुमचं कुणी नसेल तर आधी पंधरा दिवस जाऊन या. फाईल मुंबईच्या व्हिसा केंद्रात दिली. मिळतो तो व्हिसा चार महिन्यांचा असतो. तिथे पोचून बोटांचे ठसे दिले की दोन वर्षांचं कार्ड येतं, पुढचं नूतनीकरण तीन वर्षांचं.

त्या कार्डाच्या मुदतीत सलग सहा महिने, किंवा तुटक धरून आठ महिने, यापेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहता येत नाही. "थंडीत इथे, उन्हाळ्यात तिथे" असं निम्मं-निम्मं करायचा बेत असेल तर हा व्हिसा तुमच्यासाठी नाही. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर भारतातला प्रत्येक दिवस लाल पेनाने खुणावलेला असतो. गणपतीला यायचं की आंब्याला, हे दरवर्षी ठरवावं लागतं. यंदा आंबा.

तिथे करमतं का, हेही सगळे विचारतात. करमतं. सकाळी मासळीबाजारात बांगड्याच्या भावंडांसारखे मासे असतात, सार्डिन तर आपल्या तारलीची बहीणच. गल्ल्यावर पहिल्यांदा "पगार" शब्द ऐकला तेव्हा मी थबकले. त्यांच्या भाषेत पैसे देणं म्हणजे पगार. आपण तो शब्द त्यांच्याकडूनच घेतला, पाव आणि चावीसारखा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी लिस्बनला आपल्या वकिलातीत जाते, तिथे रांगेत मराठी ऐकू आली की दिवस चांगला जातो.

एक गोष्ट मात्र मला आधी कुणी सांगितली नव्हती. अनिवासी झालं की जुनी शेतजमीन ठेवता येते, वारसाने आलेलीही घेता येते, पण भारतात नवी शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. परवा चुलतदीर आले. आमच्या बागेला लागून असलेले त्यांचे वीस गुंठे विकायचे आहेत, मधला दगडी गडगा पाडला की पूर्वीसारखी एकच बाग होईल. "आधी तुम्हांला विचारतो, दादा," म्हणाले. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कायदा सांगितला. मग दोघेही उठून गडग्यापर्यंत चालत गेले, आणि अंधार पडेपर्यंत तिथेच उभे होते.