सोज्वळ प्रेमकथा सुचवायची तर

‘जुन्या काळातलं काहीतरी सांगा, प्रेमकथा हवी, थोडी जादू असली तरी चालेल, पण सोज्वळ हवं.’ इंग्रजी वाचणाऱ्या मंडळींकडून येणारी ही मागणी एक वाटते, पण तिच्यात चार-पाच वेगवेगळ्या मागण्या दडलेल्या असतात. कोणाला शय्यागृहातलं वर्णन नको असतं, बाकी काहीही चालतं. कोणाला त्याचा उल्लेखसुद्धा नको असतो. कोणाला चुंबन चालतं, पण रक्त आणि छळ सोसत नाही. कोणी तेरा वर्षांच्या भाचीसाठी विचारत असतं आणि ते सांगायला विसरतं. म्हणून पुस्तकाचं नाव घेण्याआधी ‘नेमकं काय नको?’ हे विचारावं. ‘काय आवडतं?’ याचं उत्तर लोक मोघम देतात. काय नको ते मात्र नेमकं सांगतात.

या प्रकारातल्या इंग्रजी कादंबऱ्यांचा मुक्काम बहुतेक रीजन्सी काळात असतो. तिसरा जॉर्ज आजारी आणि त्याचा मुलगा कारभारी, अशी १८११ ते १८२० ही नऊ वर्षं. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या त्याच काळात छापल्या गेल्या, पण तिच्यासाठी तो वर्तमानकाळ होता, त्यामुळे ती काहीच समजावून सांगत नाही. तो काळ मागे वळून रचला जॉर्जेट हेयरने (१९०२–१९७४). १९३५ च्या ‘रीजन्सी बक’पासून तिने जो साचा पाडला, त्यावर आजही शेकडो लेखिका जगतात. म्हणून मी नवख्या वाचकाला ऑस्टिनकडे न पाठवता आधी हेयरकडे पाठवते. कोणती हेयर, हे मात्र जपून ठरवावं लागतं.

सुरुवातीला ‘फ्रेडरिका’ (१९६५) द्यावी. भावंडांचा संसार ओढणारी चोवीस वर्षांची मुलगी, कंटाळलेला मार्क्विस (म्हणजे बडा उमराव) आणि वाफेची यंत्रं व बलून यांनी झपाटलेला धाकटा भाऊ. प्रेम इतकं सावकाश उगवतं की नायिकेला ते शेवटच्या प्रकरणापर्यंत कळतच नाही. दुसरी ‘कोटिलियन’ (१९५३). हिची गंमत अशी की देखणा, बेफिकीर, नायकासारखा दिसणारा जॅक हा नायक नाही. नायक आहे फ्रेडी. त्याला कपडे आणि रीतभात सोडून काही कळत नाही, असं सगळ्यांना वाटतं. तिसरी ‘अ‍ॅराबेला’ (१९४९): यॉर्कशरच्या पाद्र्याची मुलगी रागाच्या भरात स्वतःला श्रीमंत वारसदार म्हणवून घेते आणि मग सगळं लंडन तिच्यामागे लागतं.

तिन्हींत कोणाच्याही खोलीचं दार उघडत नाही. तरी ‘उल्लेखसुद्धा नको’ म्हणणाऱ्याला आधी कल्पना द्यावी. फ्रेडरिकाच्या मार्क्विसला पूर्वी ठेवलेल्या बायका होत्या आणि ते सरळ सांगितलंय. ‘कोटिलियन’मधला जॅक एका गरीब मुलीला रखेल म्हणून ठेवण्याच्या बेतात असतो. अ‍ॅराबेला भावाला शोधत वेस्टमिन्स्टरच्या गलिच्छ वस्तीत जाते, तेव्हा त्याची काळजी घेणारी बाई कोण आहे हे मोठ्यांना लगेच कळतं. ‘व्हेनेशिया’ (१९५८) ही माझ्या मते हेयरची सर्वांत सुंदर प्रेमकथा. पण नायक पहिल्याच भेटीत न विचारता चुंबन घेतो आणि त्याच्या रंगेल भूतकाळाबद्दल दोघं मोकळेपणी थट्टा करतात. ‘डेव्हिल्स कब’मध्ये (१९३२) नायकाची जबरदस्ती इतकी पुढे जाते की नायिकेला पिस्तूल झाडावं लागतं. वर्णन कुठेच नाही, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला पहिलं पुस्तक म्हणून मी ही दोन्ही देणार नाही.

‘द ग्रँड सोफी’ (१९५०) प्रत्येक यादीत असते. विनोदाच्या बाबतीत तो मान रास्तही आहे. मात्र त्यात एका ज्यू सावकाराचं चित्रण निव्वळ द्वेषाने केलेलं आहे. ते प्रकरण येतं हे सांगूनच पुस्तक द्यावं. याच कादंबरीवर अमेरिकन वाचक हमखास दुसरा एक आक्षेप घेतात: नायक-नायिका सख्खी आतेमामे भावंडं आहेत. सोफी ही चार्ल्सच्या मामाची मुलगी. मामाच्या मुलीशी लग्न हे महाराष्ट्रात कित्येक समाजांत रीतीचंच असल्यामुळे मराठी वाचकाला तिथे काही खटकत नाही. परदेशी परीक्षणांतले इशारे जसेच्या तसे उचलू नयेत ते यासाठी.

हेयर अर्ध्यावर सोडणाऱ्यांचं कारण बहुधा पहिल्या पन्नास पानांतच असतं. एकाच माणसाला तीन नावं. फ्रेडरिकाचा नायक व्हर्नन डॉन्ट्री, पण तो अ‍ॅल्व्हरस्टोकचा मार्क्विस, म्हणून मित्रसुद्धा त्याला ‘अ‍ॅल्व्हरस्टोक’च म्हणतात. मानाची उतरंड ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशी. ‘सर’ लावणारे बॅरोनेट आणि नाइट या उतरंडीबाहेरचे, आणि ‘सर’नंतर नेहमी पहिलं नाव येतं, आडनाव नाही. पैशाचा हिशेब: एक पौंड म्हणजे वीस शिलिंग, गिनी म्हणजे एकवीस. ‘वर्षाला दहा हजार’ ही मिळकत असते, एकूण संपत्ती नव्हे. जुगारात हरलेले पैसे ताबडतोब द्यायचे, ती अब्रूची गोष्ट. शिंप्याचं बिल वर्षभर थांबलं तरी चालतं. एवढं माहीत नसेल तर अ‍ॅराबेलाचा भाऊ इतका का घाबरलाय ते कळत नाही. तेव्हाची बोलभाषा मात्र शब्दकोशात शोधत बसू नये. निम्मे शब्द संदर्भाने कळतात आणि उरलेल्यांवाचून काही अडत नाही.

लग्नाचे नियम मात्र माहीत हवेत, कारण कथानक त्यांवरच चालतं. १७५३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालच्यांना परवान्यावर लग्न करायचं तर वडिलांची किंवा पालकाची संमती लागे. नाहीतर तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकारा. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला जात. सगळं तिथल्या तिथे उरकायचं तर कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना. आणि लग्नानंतर बायकोची मिळकत नवऱ्याची, हे १८७० आणि १८८२ चे कायदे येईपर्यंत. श्रीमंत मुलीच्या मागे लागलेला माणूस या कादंबऱ्यांत खलनायक का असतो, ते यातून कळतं.

सोज्वळ कादंबरी चांगली की नुसतीच निरुपद्रवी, हे मी एका प्रश्नावर ठरवते: ही दोघं आजच एकमेकांची का होत नाहीत? उत्तर त्या काळाच्या बंधनांतून किंवा माणसांच्या स्वभावातून आलं, तर हातमोजा काढण्याचा प्रसंगही श्वास रोखून वाचला जातो. नायिका रात्री-अपरात्री एकटी फिरतेय, परक्या पुरुषाबरोबर बंद गाडीतून जातेय आणि कोणी भुवईही उंचावत नाही, असं असेल तर लेखिकेने ताण स्वतःच्या हाताने सोडून दिलाय. मग उरतो तो एक गैरसमज, जो पाच मिनिटांच्या बोलण्यात मिटला असता, पण तीनशे पानं ताणलाय. हल्लीच्या ‘क्लीन’ शिक्क्याच्या कादंबऱ्यांचं मुख्य दुखणं हेच. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या शॅडो माउंटन प्रकाशनाची ‘प्रॉपर रोमान्स’ ही माळ याच प्रकारची. तिच्यातली ज्युलियन डोनाल्डसनची ‘ईडनब्रुक’ (२०१२) पावसाळी दुपारी एका बैठकीत संपते. दार बंद राहील याची खात्री हवी असेल तर अशा माळेतून घ्यावं. तेव्हाचं समाजजीवन मात्र हेयरइतकं दाट मिळणार नाही. रद्दीवाल्याकडे ढिगाने मिळणारी बार्बरा कार्टलंडही सोज्वळच. पण एक वाचली की पुढच्या सगळ्या वाचल्यासारखं होतं.

अनोळखी लेखिकेचं पुस्तक असेल तर आधी तपासावं. मुखपृष्ठावर भरवसा ठेवू नये. पूर्वी उघड्या छातीचा नायक दिसला की अंदाज यायचा, हल्ली गोंडस रेखाचित्रांच्या आत काहीही असतं. ई-पुस्तकाचा फुकट नमुना साधारण पहिल्या दहा टक्क्यांचा असतो आणि तो याबाबतीत निरुपयोगी, कारण असे प्रसंग बहुधा मध्यानंतर येतात. छापील प्रत हातात असेल तर मधली आणि शेवटच्या एक-पंचमांश भागातली प्रकरणं चाळावीत. लग्न पुस्तकाच्या मध्यावरच होत असेल तर जास्त सावध, कारण सोयीसाठी केलेल्या लग्नाच्या कथेत दाराचा प्रश्न टाळता येत नाही. हेयरने ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’मध्ये (१९६१) तो सरळ ओलांडलाय: लग्न होतं, मूल होतं, खोली दिसत नाही. (बायकोवर सावकाश जडत जाणारा जीव हा तिचा विषय. ठरवून लग्न झालेल्या आपल्या वाचकांना ती फार जवळची वाटते.) वाचकांच्या शेऱ्यांत पाच तारेवाले सोडून एक-दोन तारेवाले वाचावेत. ‘किती कंटाळवाणं, नुसती चुंबनं’ अशी तक्रार दिसली तर आपलं काम झालं. ‘स्वीट’ आणि ‘क्लोज्ड डोअर’ या शब्दांतही फरक आहे. पहिल्यात सहसा काही घडतच नाही, दुसऱ्यात घडतं पण पडदा पडतो.

लेखिकेच्या नावावरही विसंबू नये. नेओमी नोविकची नेपोलियनच्या युद्धात ड्रॅगन उडवणारी ‘टेमेरेर’ (२००६) कोणालाही द्यावी, फक्त त्यात प्रेमकथा नावापुरती आहे. तिच्याच ‘अपरूटेड’मध्ये (२०१५) एक उघड शृंगारप्रसंग आहे आणि तरी दुकानांत ती किशोरांच्या फळीवर दिसते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: ‘टेमेरेर’ अमेरिकेत ‘हिज मॅजेस्टीज ड्रॅगन’ नावाने निघाली. इव्हा इबॉट्सनची ‘अ काउंटेस बिलो स्टेअर्स’ आणि ‘द सीक्रेट काउंटेस’ हीसुद्धा एकच कादंबरी. दोन नावं बघून दोनदा पैसे घालवू नयेत.

अद्भुताकडे वळणाऱ्याला पूल म्हणून ‘सॉर्सरी अँड सेसिलिया’ (१९८८) उत्तम. पॅट्रिशिया रीडी आणि कॅरोलाइन स्टीव्हरमर या दोघी कथेतल्या नात्याने बहिणी (सख्ख्या नव्हे) असलेल्या दोन मुली बनून एकमेकींना पत्रं लिहीत गेल्या, त्यांचंच हे पुस्तक झालं. काळ १८१७, लंडनचा हंगाम (नाच-मेजवान्यांचे आणि लग्नं जमवण्याचे महिने), आणि जादूगार सभ्य समाजात उघडपणे वावरतात. मेरी रॉबिनेट कोवालच्या ‘शेड्स ऑफ मिल्क अँड हनी’त (२०१०) जादू ही पियानो-चित्रकलेसारखी घरंदाज मुलींना शिकवायची कला आहे. झेन चो हिच्या ‘सॉर्सरर टू द क्राउन’मध्ये (२०१५) नायिका अर्धी भारतीय आहे आणि इंग्रजी सभ्यपणाच्या आतला वर्णद्वेष नर्मविनोदाने उघडा पडतो.

‘ही दोघं आजच एकमेकांची का होत नाहीत?’ हा वरचा प्रश्न इथेही चालतो, फक्त बंधन जादूचं असतं. डायना विन जोन्सच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मध्ये (१९८६) सोफी शापाने म्हातारी होते आणि त्या शापाबद्दल ती कोणाला सांगू शकत नाही. सिनेमा पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावं, ते बरंच वेगळं आणि जास्त खट्याळ आहे. गेल कार्सन लेव्हाइनच्या ‘एला एन्चांटेड’मधल्या (१९९७) एलाला कोणाचाही हुकूम पाळावाच लागतो. राजपुत्रावर प्रेम असूनही ती त्याला नकार देते, कारण त्याला मारण्याचा हुकूम तिला कोणी दिला तर? दहा-अकरा वर्षांच्या मुलीलाही ही गोष्ट झेपते.

अद्भुत कादंबऱ्यांत ‘सोज्वळ’ म्हणून फसगत होते ती हिंसेच्या बाबतीत. मेगन व्हेलन टर्नरची ‘द क्वीन ऑफ अटोलिया’ (२०००) ही अप्रतिम, जवळजवळ स्पर्शाविना चालणारी प्रेमकथा. पण सुरुवातीलाच नायकाचा हात तोडला जातो, आणि तोडायला लावणारी नंतर नायिका ठरते. आधीची ‘द थीफ’ (१९९६) वाचल्याशिवाय ही उघडूच नये, मागच्या पानावरचा मजकूरसुद्धा वाचू नये. शॅनन हेलची ‘द गूज गर्ल’ (२००३) गोड आहे, फक्त बोलणाऱ्या घोड्याचं काय होतं ते प्राणीवेड्या मुलांना आधी सांगावं.

‘असंच मराठीत काय आहे?’ हा प्रश्न हटकून येतो आणि उत्तर म्हणून ‘स्वामी’ किंवा ‘राऊ’ पुढे केली जाते. दोन्ही सोज्वळ आणि प्रेम दोन्हींत भरपूर. पण रीजन्सी वाचणाऱ्याला शेवटी लग्न आणि सुख हवं असतं, आणि ‘स्वामी’ (१९६२) थेऊरला रमाबाईंच्या सती जाण्यापाशी पोहोचते. ‘राऊ’चा शेवटही रडवणाराच. दमून आलेल्या माणसाला ही पुस्तकं ‘हलकंफुलकं’ म्हणून देऊ नयेत. सुखान्त, साहस आणि अद्भुत असं सगळं एकत्र हवं तर एकोणिसाव्या शतकातली ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ आहेत. त्यांतली लांबलचक वर्णनं ओलांडायची तयारी मात्र हवी.

फुकट वाचायचं तर ऑस्टिन सगळीकडे मोकळी आहे. हेयरच्या सुरुवातीच्या काही कादंबऱ्या, उदाहरणार्थ ‘द ब्लॅक मॉथ’ (१९२१), अमेरिकेत स्वामित्वहक्कातून सुटल्यामुळे तिथल्या संकेतस्थळांवर दिसतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे हेयरच्या बाबतीत २०३४ अखेरपर्यंत. तोवर वाचनालय किंवा जुनी प्रत. जुनी प्रत घेताना शेवटची पानं जागेवर आहेत ना, ते दुकानातच पाहावं, कारण हेयरचं पहिलं चुंबन बहुधा तिथेच असतं.