आबासाहेबांच्या तालुक्यातली शाळा

नववीत नागरिकशास्त्राच्या तासाला सरांनी विचारलं, ‘‘आमदाराची मुदत किती?’’ मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘‘आबासाहेब हायेत तवर!’’ वर्ग खदखदला, सरही हसले आणि मग फळ्यावर ‘5 वर्षे’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. आमच्या 1988 च्या दहावीच्या बॅचमधल्या कुठल्याही पोराला विचारा, हे उत्तर आपणच दिलं होतं असं तो सांगेल.

उत्तर परीक्षेत चुकीचं, पण आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यापुरतं बरोबरच होतं. आबासाहेब म्हणजे गणपतराव देशमुख, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकील होऊन ते सांगोल्यात आले आणि इथलेच झाले. 1962 साली शेतकरी कामगार पक्षातर्फे (शेकाप) पहिल्यांदा आमदार झाले. माझा जन्म 72 चा, दुष्काळाचा. आई मला झोळीत टाकून खडी फोडायला जायची आणि घरी रेशनची लाल ज्वारी, मिलो, शिजायचा. त्याच साली आबासाहेब पडले. 74 च्या पोटनिवडणुकीत पुन्हा आले आणि त्यानंतर 90 पर्यंत एकही निवडणूक हरले नाहीत. म्हणजे मला कळायला लागल्यापासून शाळा सुटेपर्यंत तालुक्याला दुसरा आमदार नव्हताच.

त्यामुळे आमदार म्हणजे काय, याची आमची कल्पना फार वेगळी होती. पांढरं धोतर नसलं तरी चालेल, पण माणूस एसटीने येणारा हवा! आबासाहेब एसटीने फिरत, हे अख्ख्या महाराष्ट्राला पुढं बातम्यांतून कळलं. आम्हाला त्यात बातमी काही वाटत नव्हती. स्टँडवर ते दिसले तर मोठी माणसं रामराम घालायची, कुणी विहिरीच्या कर्जाचा कागद पुढं करायचं आणि आम्ही पोरी आपल्या खिडकीची जागा धरायला पळायचो. नोकरीला पुण्यात आल्यावर पहिल्यांदा एका आमदाराच्या गाड्यांचा ताफा पाहिला, तेव्हा मला वाटलं मुख्यमंत्रीच आले!

पक्ष एक, मतदारसंघ एक, निवडून येणं 11 वेळा. महाराष्ट्रात असा दुसरा आमदार नाही. शेकापचा लाल बावटा राज्यभर आक्रसत रायगड आणि सांगोल्यापुरता उरला, तरी त्यांनी तो खांद्यावरून उतरवला नाही. विरोधी पक्षनेते झाले, 78 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री झाले, 99 ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. 2002 मध्ये पक्षानं सरकारचा पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेलं. त्याचं सुतक तालुक्यात कुणी पाळल्याचं ऐकलं नाही.

आता कौतुकाच्या ओघात न सांगता राहून जातं ते सांगते. एवढी वर्षं आमदार, मग पाणी का नाही, हा प्रश्न आमच्या घरात दर उन्हाळ्यात निघायचा. माझे चुलते शेकापचे कट्टर, वडील काँग्रेसचे. माणगंगेच्या कोरड्या पात्रातून हंडे घेऊन येणाऱ्या आईला दोघांच्याही पक्षाशी देणंघेणं नव्हतं. शिरभावीची 81 गावांची पिण्याच्या पाण्याची योजना झाली तेव्हा कुठं तिची खेप कमी झाली. शेतीच्या पाण्यासाठी मात्र आबासाहेब, स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर यांना शेजारच्या आटपाडीला वर्षानुवर्षे पाणी परिषद भरवावी लागली. कृष्णेचं पाणी कराडजवळ टेंभूला उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत आमच्या माळापर्यंत आणायचं, हे काम सत्तेबाहेरच्या आमदाराच्या एका सहीनं होणारं नव्हतं, हे मला वय वाढल्यावर कळलं. आईला ते पटवता आलं नाही. तिचं म्हणणं, सही कुणाची का असेना, नळ आधी यायला पाहिजे होता. तेही खरंच.

मात्र सूतगिरणीबद्दल आमच्या घरात वाद नव्हता. जिथं कापूस फारसा पिकत नाही तिथं शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी काढायची आणि ती चालवूनही दाखवायची! माझ्या वर्गातले कितीतरी जण तिथं शिफ्टला लागले. सुट्टीत भेटले की शर्टाला, भुवयांनाही कापसाचा भुरका बसलेला असायचा. बाकीचे डाळिंबात गेले. डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा त्यांचेच फोन रात्री यायचे.

1995 ला आबासाहेब थोडक्यात पडले, तेव्हा चुलते चार दिवस कट्ट्यावर फिरकले नाहीत. वडिलांनी पेढे आणले, पण घरात वाटले नाहीत. 2019 ला वय झाल्यामुळं ते स्वतः उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत 768 मतांनी पडला. 30 जुलै 2021 ला सोलापुरात आबासाहेब गेले. 2024 ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब, निवडून आले. यावर आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुंपली की याला घराणेशाही म्हणायची का नाही. दोघंजण ग्रुप सोडून गेले, मग परत आले. माझं मत तिथं दिलं तेच इथं देते : म्हणायचीच. आणि माझं नाव अजून सांगोल्याच्या मतदार यादीत असतं तर मत मी त्यालाच दिलं असतं.